वरचा कोरडा थर

फटाक्यांची माळ नेमकी गुणाजीच्या सलूनच्या दारात वाजली, मी दचकलो आणि वस्तरा माझ्या जबड्याखाली आडवा फिरला. चूक गुणाजीची नाही. त्याचा हात वीस वर्षांत कधी हललेला नाही, हललो मी. आज एक मे, रविवार. ठाकुरद्वारच्या नाक्यावर सकाळपासून लोक पेढे वाटताहेत, ज्यांचं एकमेकांशी कधी पटलं नाही ते गळ्यात गळे घालताहेत, मुंबईसकट महाराष्ट्र मिळाला आहे, तेव्हा फटाके वाजणार हे शेंबडं पोरही सांगेल. पण गेली चार वर्षं मला असा आवाज सोसत नाही. धडाम झालं की माझा हात आधी काहीतरी दाबून धरायला पुढे होतो, आणि मग लक्षात येतं की दाबण्यासारखं काहीच नाही. आज होतं. आरशात पाहिलं तर साबणाच्या फेसातून लाल रेघ उतरत होती आणि अंगावरच्या पांढऱ्या कपड्यावर टिपके पडत होते.

"साहेब, हललात कशाला हो!" गुणाजी कळवळून म्हणाला. त्याने तुरटी फिरवली, पण रेघ पुन्हा भरून आली. "ह्याला तुरटी पुरायची नाय," असं पुटपुटत त्याने खणातून एक निळं पाकीट काढलं. "हे नवीन आलंय. आता आमच्यातले सगळे हेच ठेवतात. रगत आत जाऊन बसतं, वर टिपूस येत नाय." त्याने दोन बोटं रुंदीची पट्टी काढली, जखमेवर ठेवली, चिकटपट्टीचे दोन तुकडे दोन्ही टोकांना लावले आणि अंगठ्याने दाबून धरली. मनात दहा-वीस मोजले असावेत. मग अंगठा उचलून आरसा माझ्यापुढे धरला. पट्टी पांढरीशुभ्र होती. "थांबलं बघा," गुणाजी म्हणाला.

थांबलं नव्हतं. खाली कातडीशी उबदार ओल सरकत होती, ती मला कळत होती. पण गुणाजीला कशी कळणार? आरशाला तरी कशी कळणार? हाच शब्द मी एकदा उच्चारला आहे, इतक्याच खात्रीने, याच गिरगावात, आणि तेव्हाही पट्टी अशीच पांढरी होती. मी पाकीट हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. कंपनीचं नाव विलायती, पत्ता फोर्टातला. एक पट्टी नखाने उकलली. खाली विरळ थर, मध्ये जाड थर, वर कच्च्या कापसाचा थर. तीन. चौथी गोष्ट मी उगाचच शोधली, दिव्याखाली धरून शोधली. धागा नव्हता. "घेऊन जा साहेब पाकीट, घरी लागंल," गुणाजी म्हणाला. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक की ही पट्टी मी, रमाकांत नवलकर याने, परळच्या गिरणीतल्या एका खोलीत, डब्यात सोडा उकळून, स्वतःच्या हाताने पहिल्यांदा केली होती. मीही सांगितलं नाही. सांगायला गेलं की पुढचं सगळं सांगावं लागतं.

कापूस मुळात पाणी पीत नाही, हे लोकांना खरं वाटत नाही. झाडावरचा कापूस पाण्यात टाका, तासभर तरंगेल. त्याच्या तंतूवर मेण असतं. कॉस्टिक सोड्यात उकळून ते मेण काढलं की तोच कापूस असा पितो की बुडून तळाला जातो. दवाखान्यात वापरतात तो हा उकळलेला कापूस. गिरणीच्या प्रयोगशाळेत मी सव्वीस वर्षं हेच पाहिलं: कोणता तंतू किती पितो, किती वेळात पितो, प्यायलेलं धरून ठेवतो की सोडतो. आमच्या नवलकरांच्या घराण्यात सगळे कचेरीत गेले, आजोबा कस्टमात, वडील हायकोर्टात, आणि मी एकटा गिरणीत गेलो, तोही कापूस भिजवायला. सासरचे लोक याच्यावर हसत. पण पट्टीची कल्पना मला गिरणीत सुचलेली नाही. ती सुचली घरी. चोपन्न साली माझ्या बायकोचं, सरोजिनीचं, तिसऱ्यांदा पोट पडलं. बाळ नाहीच म्हणून सांगून डॉक्टर गेले आणि त्यानंतर तीन आठवडे तिचं अंगावर जात राहिलं. आमची एक खोली, पुढे सार्वजनिक गॅलरी, आणि नळ गॅलरीच्या टोकाला. सगळी चाळ झोपेत असताना ती उठायची आणि पदराखाली फडक्यांचं बोचकं लपवून नळावर जायची. मी जागा असायचो. जागा आहे हे तिला कळू नये म्हणून डोळे मिटून पडायचो. आमच्या संसारात अशा गोष्टींवर बोलायची पद्धत नव्हती. मी एवढाच विचार करू शकलो की हिचं बाहेर काही दिसू नये. फक्त एवढं. शोध वगैरे पुढे म्हणायचं.

मग मी उकळलेल्या कापसाच्या थरावर कच्च्या कापसाचा थर बसवला. खालचा पितो, वरचा पिऊच शकत नाही. त्याचं मेणच त्याला अडवतं. जे आत गेलं ते आत राहिलं, आणि वरून हात फिरवला तर कोरडं. दोन वर्षं मी रविवारसुद्धा सोडले नाहीत. पातेल्यात लाल शाईचं पाणी ओतून बघायचो, किती तोळे गेलं की वर येतं. सरोजिनीने पहिल्यांदा वापरून पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी, कोबीचं भानोलं ताटात वाढता वाढता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाहेर काही दिसलं नाही." माझ्या कामाची एवढी तारीफ आजवर कुणी केलेली नाही. त्या दिवशी मी गिरणीत चालत गेलो, गिरगावापासून परळपर्यंत, आणि लालबागला एका हॉटेलात उगाचच शिरून चहा प्यालो. मी सुखी होतो. हे इतकं साधं वाक्य लिहायचीही आता लाज वाटते.

छप्पन्नच्या जानेवारीतला तो आठवडा. मुंबई महाराष्ट्राला देणार नाहीत हे रेडिओवर सांगितलं आणि गिरगाव पेटलं. रस्त्यात दिवे फुटलेले, गल्लीच्या तोंडाशी बाकं आणि पिंपं रचलेली, मधूनच गोळीबार. मी खिडकी लावून आत बसलो होतो. मी काही शूर नव्हे. तिसऱ्या दिवशी दुपारी रामदासला चौघांनी जिन्यातून वर आणलं. रामदास म्हणजे आमच्या शेजारच्या खोलीतल्या दुर्गाकाकींचा एकुलता एक मुलगा, सत्तावीस वर्षांचा, म्युनिसिपालिटीत टायपिस्ट. गोळी मांडीत वरच्या बाजूला लागली होती. संचारबंदी होती, गाडी येईना, डॉक्टर तिकडे पोर्तुगीज चर्चपाशी अडकलेले. गॅलरीत त्याला निजवलं आणि सगळे एकमेकांकडे बघायला लागले. तेव्हा मी घरातून माझ्या पट्ट्यांची पेटी आणली. हातात पेटी घेऊन मी त्या गर्दीतून पुढे गेलो तेव्हाचा माझा थाट मला अजून आठवतो. मी सहा पट्ट्या एकावर एक ठेवल्या, वर धोतर फाडून घट्ट बांधलं. धोतराखालून लाल काही आलं नाही. पाच मिनिटं झाली, दहा झाली, नाही आलं. दुर्गाकाकींनी तळहात वर दाबून धरला होता. "थांबलं," मी म्हणालो. सबंध गॅलरी हुश्श झाली. कुणीतरी जयजयकारही केला. रामदास मला म्हणाला, "रमाकांतदादा, थंडी वाजते." मी म्हणालो, "आता बरं वाटेल." मी त्याच्यावर माझी शाल घातली. दुसरं काही केलं नाही, कारण करायचं काही उरलं आहे असं मला वाटलंच नाही. रक्त वाहताना दिसलं असतं तर आम्ही त्याला खांद्यावर घालून गोळीबारातून नेलं असतं, वर पट्टा आवळला असता, हरकिसनदास हॉस्पिटलपर्यंत धावत सुटलो असतो. दिसलं नाही म्हणून आम्ही बसून राहिलो, त्याच्याशी गप्पा मारत. पाऊण तासाने तो बोलेनासा झाला. नंतर मी पट्ट्या सोडल्या. त्या मला दोन्ही हातांनी उचलाव्या लागल्या. मी त्या कुणाला दाखवल्या नाहीत. तशाच धोतरात गुंडाळल्या आणि परळला नेऊन भट्टीत टाकल्या.

त्यानंतरच्या महिन्यात मी धागा घातला. सोपी गोष्ट होती. उकळलेल्या सुताचा एक जाड धागा, मधल्या थरातून निघून वरच्या कच्च्या थरातून बाहेर येणारा, दिव्यातल्या वातीसारखा. आत निम्म्यापेक्षा जास्त भरलं की ते या धाग्यातून वर चढतं आणि पांढऱ्यावर एक लाल रेघ उमटते. रेघ दिसली की समजायचं, अजून वाहतं आहे, हलवा, धावा, काहीतरी करा. अर्ध्या आण्याचं सूत. दोन वर्षांत ते मला सुचलं नव्हतं, कारण माझी सगळी बुद्धी दिसू नये यातच गुंतली होती.

आणि याच सुमाराला चाळीने माझा सत्कार ठरवला. आमच्या चाळीत मानपत्रं अप्पा लिहितात. अप्पा म्हणजे अप्पा कीर्तिकर, रिटायर झालेले हेडक्लार्क, बोरूचं अक्षर मोत्यासारखं, आणि भाषा अशी की सत्कार कुणाचा का असेना, ऐकणाऱ्याच्या डोळ्यात पाणी यावं. मी नको नको म्हणालो. सगळ्यांना तो विनय वाटला. फेब्रुवारीच्या शेवटी चौकात मांडव घातला, आणि अप्पांनी खणखणीत आवाजात वाचलं, की आपण स्वतः शोधून काढलेल्या पट्टीने हुतात्मा रामदास यांचा रक्तस्राव तत्काळ थांबवून त्यांच्या अखेरच्या घटका वेदनारहित केल्यात. दुर्गाकाकी समोरच बसल्या होत्या. त्या रडल्या नाहीत, मानपत्र संपेपर्यंत माझ्याकडे बघत राहिल्या. मी ते घेतलं, चौकट करून भिंतीवर लावलं. घराला भिंती चारच, त्यामुळे ते दिसणार नाही अशी जागा नव्हती.

पेटंटचा अर्ज मी जूनमध्ये केला. वर्षभराने तो मंजुरीच्या वाटेला लागल्याचं गॅझेटात छापून आलं आणि लगेच या फोर्टातल्या कंपनीने हरकत घेतली: अशी पट्टी आमच्या माणसाने आधीच केली आहे. मी कारकुनांच्या घराण्यातला. कुणी म्हणालं, आधी कोण, तर आमचं रक्तच असं की आम्ही तारखेचा कागद शोधतो. सही आहे, तारीख आहे, अध्यक्षांचं नाव आहे असा एकच कागद माझ्यापाशी होता. मी चौकटीतून मानपत्र काढलं, नोटरीकडून नक्कल खरी करून घेतली आणि मोठ्या ऐटीत कलकत्त्याला पेटंट ऑफिसात पाठवून दिली. बघा, म्हटलं, छप्पन्नच्या जानेवारीतच माझी पट्टी होती, साऱ्या चाळीने पाहिली आहे. माझ्या वकिलांनी ते वाचून कपाळाला हात लावला. "नवलकर, तुम्ही स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतलात," ते म्हणाले. कायदा असा की अर्ज करण्याआधी जी वस्तू चारचौघांत वापरली गेली ती मग कुणा एकाची राहत नाही. कंपनीने आपली पहिली हरकत मुकाट्याने सोडून दिली आणि माझंच मानपत्र माझ्यावर उलटवलं.

तरी एक वाट होती. वकिलांनी ती मला तीनदा समजावून सांगितली. जानेवारीतल्या पट्टीत धागा नव्हता, अर्जातल्या पट्टीत आहे; म्हणजे वस्तू वेगळी. "एवढंच सांगा," ते म्हणाले. "का घातला विचारलं तर खरं काय ते सांगा. धाग्याची पट्टी तुमचीच राहील. आणि बिनधाग्याची किती घातक हे एकदा सरकारी कागदावर आलं की ती विकायला कोण धजणार आहे?" अठ्ठावन्नच्या डिसेंबरात मी कलकत्त्याला गेलो. उंच छताची खोली, वर पंखा बंद, टेबलामागे एक शांत, म्हातारे अधिकारी. त्यांनी चष्मा पुसला आणि सौम्यपणे विचारलं, "त्या जखमी माणसाला लावलेल्या पट्टीत हा धागा होता का?" एका शब्दाचं उत्तर होतं. पण त्या शब्दामागे दुसरा प्रश्न उभा होता, आणि त्याच्या उत्तराची नक्कल निघणार होती, वर्तमानपत्रात दोन ओळी येणार होत्या, अप्पा त्या गॅलरीत मोठ्याने वाचणार होते, आणि दुर्गाकाकींना कळणार होतं की त्यांचा मुलगा गोळीने कमी आणि माझ्या कापसाने जास्त गेला. त्या माउलीला हे कळता कामा नये, असं मी स्वतःला सांगितलं. मी म्हणालो, "होता." वकिलांनी खाली मान घातली. मग कंपनीचा बॅरिस्टर उठला. त्याने हसून विचारलं, "मग त्या दिवशी धाग्याने काय काम केलं?" मी म्हणालो, "काही नाही. करायची वेळ आली नाही. रक्त थांबलं होतं." त्याने मला वाकून धन्यवाद दिले. पेटंट नाकारलं गेलं, पट्टी सगळ्यांची झाली, आणि ज्या धाग्याने कधी काम केलं नाही असं त्याचा कर्ताच शपथेवर सांगतो, तो धागा ठेवण्याचं कंपनीला काही कारण राहिलं नाही. उलट पांढऱ्यावर तो वाईट दिसतो.

घरी आलो तेव्हा सरोजिनी संध्याकाळच्या कार्यक्रमासाठी माझं जरीचं उपरणं झटकत होती. "अहो, हे काय?" तिने जबड्याकडे बोट दाखवलं. मी निळं पाकीट तिच्या हातात दिलं. तिने एक पट्टी काढली, चिमटीत धरून दाबून पाहिली, आणि तिला कळलं. ती पट्टी जगात तिच्याइतकी कुणाला माहीत आहे? "तुमचंच आहे की," ती म्हणाली. "हो." "मग त्यात दोरा होता ना तुमचा?" "काढला त्यांनी." तिने पट्टी पाकिटात परत सरकवली आणि म्हणाली, "हॉस्पिटलातही हेच देत असतील?" मी आरशासमोर पट्टी उचलून पाहिली, तर जखम पुन्हा वाहू लागली. मी पाकिटातली नवी पट्टी लावली. वरून पुन्हा स्वच्छ झालो. आज संध्याकाळी चौकात हुतात्म्यांच्या नावांचा संगमरवरी फलक उघडायचा होता, त्यावर आमच्या गल्लीतली दोन नावं होती, आणि दुर्गाकाकींच्या हस्ते मला शाल-नारळ द्यायचं अप्पांनी ठरवलं होतं. मानपत्र पुन्हा वाचणार होते. मला एकाएकी वाटलं की आता बस झालं. पेटंट गेलं, पट्टी गेली, धागा गेला. आता ज्या एका माणसासाठी हे सगळं घालवलं त्याला तरी खरं सांगावं, आणि त्याने माझ्या तोंडावर थुंकावं. शाल घेण्याआधी सांगावं. माझ्यापाशी आता तेवढंच उरलं होतं. मी कपाटातून धाग्याची जुनी नमुन्याची पट्टी काढून खिशात टाकली आणि शेजारच्या खोलीत गेलो.

दुर्गाकाकी खिडकीपाशी वाती वळत बसल्या होत्या. गेल्या दिवाळीपासून त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, हाताला समजेल तेवढंच काम करतात. "कोण, रमाकांत? ये रे. आज लवकर आंघोळ केलीस वाटतं, साबणाचा वास येतोय," त्या म्हणाल्या. समोर रामदासचा फोटो, त्याला सकाळीच ताजा हार घातलेला. मी चटईवर बसलो. किती तरी वेळ गिरणीतल्या गोष्टी बोललो. मग एकदम म्हणालो, "काकी, त्या दिवशी रक्त थांबलं नव्हतं."

त्यांचा हात मांडीवर वात वळता वळता थांबला, आणि मग पुन्हा चालू झाला. "माहीत आहे मला," त्या म्हणाल्या.

मला वाटलं त्यांना नीट ऐकू आलं नसावं. मी पुन्हा सांगितलं, थर समजावले, आत कसं साठत जातं ते सांगितलं, शाळेतल्या मुलासारखा बोलत राहिलो. "अरे, मला काय शिकवतोस?" त्या म्हणाल्या, रागाने नव्हे. "माझा हात होता ना वर. आधी हलकी होती. मग जड झाली. ओल्या पोतेऱ्यासारखी जड, आणि वरून कोरडी ठणठणीत. आम्हा बायकांना फडक्याचं वजन काही सांगावं लागत नाही. मी म्हणणार होते. तोंडापर्यंत आलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू म्हणालास ना थांबलं. तू शिकलेला, तुझा शोध. मला वाटलं, तुझ्या कापसाचं तसंच वजन असेल. चारचौघांत अडाणी बाईने कशाला मध्ये तोंड घालायचं." त्यांनी वात ताटलीत ठेवली. "चार वर्षं झाली रमाकांता. रोज दिवा लावताना मनात येतं, मी तेव्हा बोलले असते तर? तुला कधी सांगितलं नाही. म्हटलं, एवढा चांगला माणूस, मानपत्र दिलंय लोकांनी, त्याच्या जिवाला कशाला घोर लावा."

मी भिंतीला टेकलो. म्हणजे मी कलकत्त्याला कुणाला वाचवलं? हिला सगळं माहीतच होतं. हिच्या तळहाताला माझ्याआधी माहीत होतं. मी तिथे त्या शांत म्हाताऱ्यासमोर फक्त एका माणसाची अब्रू झाकली, आणि तो माणूस दुर्गाकाकी नव्हती. मला इतकी शरम वाटली की उठून जायचंही सुचेना. काहीतरी करायचं म्हणून मी खिशातली नमुन्याची पट्टी काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती बोटांनी चाचपली. वरून जाणारा जाड धागा त्यांच्या अंगठ्याला लागला. "हे काय रे मध्ये?"

"नंतर घातला मी. आत भरलं की हा लाल होतो. मग कळतं."

"त्या दिवशी हा असता तर कळलं असतं?"

"हो."

त्या त्या धाग्यावरून अंगठा पुढे-मागे फिरवत राहिल्या. बाहेर कुणीतरी लाउडस्पीकर लावून बघत होतं. "म्हणजे माझ्या रामदासमुळे सुचला," त्या हळूच म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर असं काहीतरी आलं जे मी चार वर्षांत पाहिलं नव्हतं. "मग आता सगळ्या पट्ट्यांत असतो ना हा? बाजारात मिळतात त्यात? आता कुणाचं असं होत नाही ना?"

मी त्यांच्यापासून दोन हातांवर बसलो होतो. माझ्या जबड्याखाली बाजारातली पट्टी होती. त्या खिडकीकडे तोंड करून बसलेल्या, अंधूक नजरेच्या, काहीतरी चांगलं ऐकायला थांबलेल्या. खरं बोलायचं म्हणून मी घरातून निघालो होतो. मी म्हणालो, "असतो."

"मग झालं तर," दुर्गाकाकी म्हणाल्या, आणि पदर डोळ्याला लावला. पट्टी त्यांनी मला परत दिली नाही. फोटोपुढे हळदीकुंकवाच्या करंड्याशेजारी ठेवली.

संध्याकाळी चौक भरून गेला होता. फलकावरचा पडदा बाजूला झाला, टाळ्या पडल्या, आणि संगमरवरात कोरलेलं रामदासचं नाव दिव्याखाली चकाकलं. अप्पांनी घसा खाकरून मानपत्र वाचलं. चार वर्षांत त्यांचा आवाज थोडा फाटला आहे, पण तत्काळ थांबवून या शब्दांवर ते अजून तितकाच जोर देतात. पहिल्या रांगेत सरोजिनी मांडीवर हात ठेवून बसली होती. माझ्याकडे बघत नव्हती. गुणाजी खांबाला टेकून उभा होता, माझ्याकडे बघून स्वतःच्या जबड्याला हात लावत होता आणि कसं काय म्हणून मानेने विचारत होता. मी हात हलवून ठीक आहे म्हणालो. मग दुर्गाकाकींना कुणीतरी धरून वर आणलं. बोलायचं नाही असं ठरलं होतं, तरी त्यांनी माईक मागून घेतला आणि लांबच्या माणसाशी बोलावं तशा मोठ्या आवाजात म्हणाल्या, "माझा मुलगा गेला, पण रमाकांतने त्याच्यासाठी पट्टीत एक दोरा घातला. आता तो सगळ्यांना वाचवतो." काय दोरा, कसला दोरा, लोकांना काही कळलं नाही, पण टाळ्यांचा कडकडाट झाला. अप्पा माझ्या कानाशी म्हणाले, "हे मानपत्रात घालायला हवं होतं."

त्यांनी माझ्या खांद्यांवर शाल घातली. दिसत नसल्यामुळे चाचपत घातली, एक टोक वर, एक खाली. शाल सारखी करताना त्यांचा हात माझ्या मानेवरून जबड्याखाली गेला आणि तिथे पट्टीवर थांबला. मी हललो नाही. आज सकाळी हललो होतो, आता हललो नाही. त्यांचा अंगठा पट्टीवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. मला कळत होतं तो काय शोधतो आहे. समोर लोक टाळ्या वाजवत होते. मग तो अंगठा मध्यभागी थांबला आणि त्याने हलकेच दाबून पाहिलं. वरचा थर कोरडा होता.

"जड झाली आहे रे," दुर्गाकाकी फक्त मला ऐकू येईल एवढ्याच आवाजात म्हणाल्या, आणि त्यांनी माझ्या हातात नारळ दिला.